शेवटची सफाई : तीन दिवसांपूर्वी

१

शनिवारी दहाच्या ठोक्याला मी बाबांच्या दारात असते. आई गेल्यापासून बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एकटे राहतात, आणि गेल्या दीड वर्षात माझा एकही शनिवार चुकलेला नाही. आधी गोळ्यांचा डबा भरायचा, सात वारांचे सात कप्पे. मग चादरी बदलायच्या, बेसिनखालची बादली ओतायची, फ्रिजमध्ये काय खराब झालंय ते हुंगून बघायचं. हे सगळं मी भराभर आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवून करते. बाबा खुर्चीत बसलेले असतात आणि मी केर काढत जवळ आले की निमूट पाय वर घेतात.

सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. तो आतल्या खोलीत खिडकीपाशी आहे, जुना आहे, आणि चालू केला की पहिली पाच मिनिटं नुसता घरघरतो. बाबा नोकरीभर दुकानादुकानांतून वजनं-मापं तपासत हिंडले. आता दिवसभर त्या यंत्रावर जुन्या तराजूंची चित्रं बघतात, हवामान बघतात, जगाच्या पाठीवर कुठे पूल पडला तर त्याची बातमी वाचतात. आठवडाभरात ब्राउझरमध्ये इतका कचरा साठतो की एक पान उघडायला चहा होईल एवढा वेळ लागतो. म्हणून मी त्यात सफाईचं एक सॉफ्टवेअर बसवलं. बाबा त्याला झाडूवाला म्हणतात.

झाडूवाल्याचं काम सोपं आहे. 'तपासा' दाबलं की हिरवी पट्टी सरकते आणि यादी येते: तात्पुरत्या फायली इतक्या, साठवलेली चित्रं इतकी, पाहिलेल्या पानांची नोंद इतकी. ज्याच्यापुढच्या चौकटीत खूण कराल ते जातं. मग 'साफ करा'. ती यादी रिकामी होताना बघायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू. घरातलं एवढं एकच काम असं आहे की जे केल्यावर केल्यासारखं दिसतं.

वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत शेवटची सफाई कधी झाली ते लिहिलेलं असतं. माझ्या शनिवारांमुळे तिथे नेहमी सात दिवसांपूर्वी असंच असायचं, आणि ते वाचून मला उगाच शहाण्या मुलीसारखं वाटायचं. अलीकडे तिकडे बघायचंही मी सोडून दिलं होतं. त्या शनिवारी सहज नजर गेली, तर तिथे तीन दिवसांपूर्वी असं होतं.

२

इथे माझी एक चूक सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आईची मेलपेटी त्या कॉम्प्युटरवर कायम उघडी असायची. आई त्यातून स्वतःलाच पत्रं पाठवायची: आज काय आणायचं, कुणाचा फोन आला, बाबा कशावरून रुसले आणि किती वेळ. ती गेल्यावर बाबा रोज सकाळी त्यातलं एक पत्र वाचायचे. पासवर्ड तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, आणि लागतही नव्हता, कारण ब्राउझरने ती ओळख लक्षात ठेवली होती. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असूनही एका शनिवारी घाईघाईत मी यादीतल्या झाडून सगळ्या चौकटींवर खुणा केल्या आणि 'साफ करा' दाबलं. त्यात साठवलेल्या ओळखीही गेल्या. दुसऱ्या दिवशी बाबांना पत्रांच्या जागी पासवर्ड मागणारी रिकामी जागा दिसली.

आम्ही चाळीसएक शब्द घालून पाहिले. माझं नाव, दादाचं नाव, जुन्या घराचा नंबर. मग पेटी बंदच झाली. बाबा एवढंच म्हणाले, असू दे. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी सफाईला बसले की बाबा आतल्या खोलीत येईनासे झाले.

तेव्हा झाडूवाला बाबांनी स्वतः चालवला असेल हे शक्यच नव्हतं. ते त्याच्या चित्रावर बाणसुद्धा नेत नाहीत. तरी मी बाहेर येऊन विचारलं, आठवड्याच्या मध्येच सफाई कुणी केली म्हणून.

"तूच की," बाबा म्हणाले. "बुधवारी."

मी हसले. बुधवारी मी कामावर असते. दातांच्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवते, सकाळी नऊ ते सहा, आणि तिथून मला शिंकायलाही बाहेर पडता येत नाही. हे बाबांना पाठ आहे. मी तसं म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं, आणि विषय सोडून दिला. बोलण्यात अडकलेल्या दुकानदाराला ते पूर्वी असंच सोडून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी न सांगता परत जायचे.

मी घाबरले ते दुसऱ्याच कारणाने. दादा दूरच्या शहरात असतो. त्याने आई गेली तेव्हाच बजावून ठेवलं होतं, बाबांच्या डोक्याने एकदा जरी दगा दिला तरी तो त्यांना तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवणार. जागाही बघून ठेवली आहे. बाबा तिथे सहा महिने काढणार नाहीत हे त्यालाही कळतं, पण तो जबाबदार माणूस आहे. म्हणून मी बोलता बोलता बाबांची परीक्षा घेतली. वार, तारीख, कालच्या बातम्या, सकाळची गोळी कुठल्या रंगाची. सगळं बरोबर. डब्यातले कप्पेही जसे हवेत तसेच रिकामे होते.

निघताना त्यांनी हात पुढे केला तेव्हा नखं दिसली. गोल, एकसारखी, घासून गुळगुळीत केलेली. बाबांची नजर आता नखांपर्यंत पोचत नाही. मी त्यांची नखं कधी कापलेली नाहीत, मला ते जमत नाही, जरा किळसही येते.

३

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. त्यांचं मशीन दाराशीच आहे आणि दार सताड उघडं, त्यामुळे जिन्यावरून मुंगी गेली तरी त्यांना कळते. बाबांच्या घराची एक किल्लीही त्यांच्याकडे असते. माझा पहिला संशय त्यांच्यावरच गेला, आणि मी तो फारसा लपवलाही नाही. बुधवारी वर कोण आलं होतं, असं मी सरळ विचारलं.

काकूंनी दातातली टाचणी काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की मीच आले होते. गेले काही बुधवार येतेय. चारच्या सुमाराला येते आणि दिवे लागायच्या आत जाते. त्यांना वाटत होतं मी कामाच्या वेळा बदलून घेतल्या. मग त्यांनी आणखी एक सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत सांगते.

"शनिवारी तू मान खाली घालून तरातरा जातेस. बुधवारी हाक मारली तर थांबलीस, हसलीस. बरं वाटलं बाई. आणि तो पुढचा दात सरळ करून घेतलास ते छान केलंस."

माझा वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला आहे. रोज दुसऱ्यांचे दात बनवते आणि स्वतःच्या तोंडाकडे बघत नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि मी तोंड मिटून घेतलं. का ते सांगता येणार नाही, पण त्यांना तो दात दाखवायची मला भीती वाटली. मान हलवून मी खाली उतरले.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. एखादी बाई माझ्यासारखी दिसते, एकट्या म्हाताऱ्याला हेरते, घरात शिरते आणि जाताना आपला माग पुसते. यात अशक्य काही नाही. काकूंना चष्मा लागतो आणि बाबांनाही. घराची कागदपत्रं कपाटात जागच्या जागी होती, आईच्या बांगड्याही होत्या, पण चोर काही पहिल्याच दिवशी हात मारत नाही. दादाला सांगावं असं दहादा मनात आलं. पण त्याला सांगायचं म्हणजे बाबांची बॅग भरायची. दात आपले आणि ओठही आपलेच.

तरी संशय एकदा घरात आला की तो आधी घरच्यांनाच चावतो. लॅबमध्ये जाऊन मी हजेरीची वही उघडली. सगळ्या बुधवारी माझ्या सह्या होत्या, आत येतानाच्या आणि जातानाच्याही. गेल्या बुधवारी मी तीन कवळ्या पूर्ण केल्या होत्या, त्या कपाटात माझ्या चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या होत्या. स्वतः कुठे होते याचा पुरावा शोधत बसायची वेळ आपल्यावर यावी, हे फार वाईट वाटलं. पण सह्या बघून जीव भांड्यात पडला हेही खरं.

मग मी सापळा लावला. झाडूवाल्याच्या आत, चार पायऱ्या खाली, एक यादी असते: यांना हात लावू नकोस अशी. ती कुणी उघडत नाही. पुढच्या शनिवारी ब्राउझरचा सगळा साठा मी त्या यादीत टाकला. आता कुणी कितीही वेळा 'साफ करा' दाबलं तरी पट्टी सरकणार, काम झाल्याची टिंगही वाजणार, आणि कचरा मात्र तसाच राहणार होता. बाबा बाहेर बसले होते. मी काय करतेय ते त्यांनी विचारलं नाही.

बुधवारी चार वाजता लॅबच्या मागच्या दारात उभी राहून मी बाबांना फोन केला. खूप वेळ वाजला. त्यांनी उचलला तेव्हा मागे कॉम्प्युटरची घरघर ऐकू येत होती, आणि तिच्यावर माउसची टकटक, न घाई करता. कोण आहे तिथे, मी विचारलं. बाबांनी हलक्या आवाजात, पाहुण्यांसमोर बोलतात तसं, नंतर बोलू म्हणून फोन ठेवला. टकटक मध्ये एकदाही थांबली नव्हती.

५

शनिवारी झाडूवाला उघडला. शेवटची सफाई, तीन दिवसांपूर्वी. पण साठा जागच्या जागी होता.

तात्पुरत्या फायलींचा ढीग उपसणं हे घाणेरडं काम आहे. नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं. मी त्या वेळेप्रमाणे लावल्या आणि बुधवारी दुपारी चार ते सहामधल्या तेवढ्याच बाजूला काढल्या. आधी चित्रं उघडली. नखाएवढी चित्रं, शेकड्यांनी. मावसबहिणीच्या लग्नातली मी. लॅबच्या सहलीतली मी, मागच्या रांगेत. कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला कोपऱ्यात पाण्याचा ग्लास घेऊन उभी असलेली मी. लोकांनी कुठे कुठे टाकलेले फोटो असतील, मला स्वतःला माहीत नव्हते. एकेक फोटो पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा मोठा करून पाहिलेला. माझी मान, मी पर्स धरते ती बोटं, माझे मिटलेले ओठ.

मी फोटोत कधी तोंड उघडत नाही. त्या दातामुळे, शाळेपासून. म्हणजे फोटो बघून माझं तोंड शिकणाऱ्याला तो दात कळणारच नव्हता. तिने तिथे सरळ दात बसवला होता, मी कवळीत बसवते तसाच. हे माझ्या लक्षात आलं आणि मी खुर्चीवरून उठून खिडकी उघडली.

मग शोधलेल्या गोष्टींची नोंद वाचली. मला कपाटाच्या किल्ल्या, मृत्युपत्र, सह्या असलं काही अपेक्षित होतं. तिथे लिहिलं होतं: म्हाताऱ्या माणसाची नखं कशी कापावीत. जुन्या तराजूंचे प्रकार. एकच गोष्ट परत परत सांगणाऱ्या वडिलांशी कसं बोलावं. ऐकताना कसं बसावं. ही शेवटची ओळ तिने सात वेळा शोधली होती. मी त्यातलं एकही कधी शोधलं नाही. मला वाटायचं, मुलीला हे शोधावं लागत नाही.

सगळ्यात खाली एका पानाचा साठा होता. आईची मेलपेटी, उघडी. डाव्या बाजूला आईने केलेले कप्पे, उजवीकडे पत्रं, सगळ्यात वर बाबांच्या रुसण्याबद्दलचं एक.

मी बाहेर आले. बाबांच्या समोर बसले. माझा आवाज चढला असणार, कारण त्यांनी पाय वर घेतले. मेलपेटी कुणी उघडून दिली, पासवर्ड कुणी दिला, किती दिवस चाललंय हे.

"तूच दिलीस उघडून," ते म्हणाले. "मी मागितलं पण नव्हतं. आपण बुधवारी मिळून वाचतो एकेक. तू मोठ्याने वाचतेस."

मी त्यांना सांगितलं की ती मी नाही. शक्य तितकं हळू, शक्य तितकं स्पष्ट, हजेरीच्या वहीसकट सांगितलं. कुणीतरी माझं सोंग घेऊन येतंय, दार उघडू नका, साखळी लावा, मला फोन करा. बाबा ऐकत होते. नोकरीत असताना दुकानदार शपथा घ्यायला लागला की ते असेच ऐकायचे, चेहऱ्यावरची माशीही हलू न देता. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, पासवर्ड काय होता?

मला माहीत नाही, मी म्हटलं. कुणालाच माहीत नाही.

बरं, बाबा म्हणाले. दाराची साखळी लावत जाईन म्हणाले. मला हायसं वाटलं, इतकी मी मूर्ख.

६

बुधवारी मी दुपारची रजा टाकली. पंधरा दिवसांतली पहिली गोष्ट जी मला पूर्ण पटलेली होती. साडेचार वाजता जिन्यात शिरले तेव्हा उजेड भरपूर होता, कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी होत होती, आणि काकूंचं मशीन चालू होतं. मी दारासमोरून गेले आणि मशीन थांबलं. काकूंनी मला पाहिलं, मग छताकडे पाहिलं. हातातलं कापड त्यांनी छातीशी धरलं होतं. हाक मारली नाही.

वर गेले. बेल वाजवायच्या आधी कान लावला. आत बाई वाचत होती. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. मी लहानपणी धडा वाचायचे ती चाल, वाक्याच्या शेवटी जराशी वर जाणारी. दादा त्यावरून चिडवायचा म्हणून मी ती मोडून टाकली होती. मध्येच बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. दारात उभी राहून मला आधी काय वाटलं असेल तर हेवा, भीती त्याच्या मागून आली.

मी बेल वाजवली. वाचन थांबलं. चपला घासत बाबा आले. दार साखळीएवढंच उघडलं.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"आज बुधवार आहे," ते म्हणाले. "तू शनिवारची ना?"

"बाबा, मी तुमची मुलगी आहे. दार उघडा."

"तीही तेच म्हणते. आवाज न चढवता म्हणते."

मी दारावर हात ठेवला. आवाज खाली आणला, आणता येईल तेवढा. म्हटलं, बाबा, आत कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला काही झालं तर मी काय करू? दीड वर्ष मी येतेय, एक शनिवार चुकवला नाही. गोळ्या कोण भरतं? चादरी कोण बदलतं?

"तू येतेस," बाबा म्हणाले. "नियमाने येतेस. नाही कोण म्हणतंय?" त्यांचा आवाज दुखावलेल्या माणसाचा होता, आणि त्यांना दुखावलं होतं ते मी. "पण वजन बरोबर भरलं म्हणजे माल चांगला असतो असं नाही, पोरी."

त्यांच्या खांद्यावरून आतल्या खोलीचं दार दिसत होतं. कॉम्प्युटरच्या पडद्याचा निळसर उजेड, खुर्चीची पाठ, आणि खुर्चीत बसलेली बाई. एक पाय खाली दुमडून घेतलेला. केस मी बांधते तसेच. बाबांच्या चहाचा कप तिच्या हाताशी होता. माउसवरचा हात थांबला, मान किंचित कलली. ती ऐकत होती. इतकं नीट, इतकं मन लावून कुणी ऐकताना मी पाहिलेलं नाही. मग ती खुर्चीतल्या खुर्चीत सावकाश वळायला लागली. आधी कान दिसला, मग गाल, आणि तो गाल हसण्याने वर उचललेला होता.

मी ओरडले असेन. दाराला जोरात धक्का दिला एवढं आठवतं. साखळी ताणली गेली, चौकटीचा स्क्रू करकरला.

आम्ही लहान होतो तेव्हा गल्लीत कुत्रं अंगावर आलं की बाबा धावत नसत, हातात दगडही घेत नसत. नुसते आमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये येऊन, हात जरासे पसरून उभे राहत. ते आत्ता तसेच मध्ये आले. त्यांनी दाराची फट अंगाने झाकून टाकली आणि मला पलीकडचं काही दिसेना.

त्यांची पाठ तिच्याकडे होती आणि तोंड माझ्याकडे.